मुलांच्या खोलीतले अकरा दिवस

पौर्णिमा त्या दारापाशी गेली ती ज्वारीचे गाठोडे मागायला. तीन किलो ज्वारी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात घट्ट बांधून, वरून दुपटे गुंडाळून केलेली, तान्ह्या बाळाएवढी जड अशी दोन गाठोडी प्रमिलाबाईंच्या संस्थेकडे होती. एक मुलींच्या वर्गात फिरे, दुसरे मुलांच्या. ज्याच्या मांडीवर ते येईल त्याने ते खाली ठेवायचे नाही, लिहिताना नाही, पाणी पितानाही नाही, एवढाच त्या खेळाचा नियम. आणि तासभराच्या बोलण्याने जे उमजत नसे ते दहा मिनिटांत भरून आलेल्या दंडाला उमजे. आज सेलूहून निघताना दोन्ही गाठोडी चुकून तिच्या नवऱ्याच्या, रत्नदीपच्या, पिशवीत गेली होती. आंजीच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात मुली प्रयोगशाळेत बसल्या होत्या, मुले व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या सभागृहात. गाठोडे आणून देतील अशा प्रमिलाबाई प्राचार्यांच्या खोलीत चहाला बसलेल्या. तेव्हा मुलींना पाच मिनिटे गप्पा मारायला सांगून पौर्णिमा स्वतःच निघाली, आणि सभागृहाच्या लोटलेल्या दारावर थाप मारायला तिने हात उचलला.

‘अन् मंग म्या सिम काढलं,’ आत रत्नदीप सांगत होता, ‘दातानं चावलं अन् नालीत टाकून देल्लं. मले वाटलं, झालं. आता मी कोनाचाच बाप नाई.’

मुले हसली. कोणीतरी विचारले, ‘किती दिवस गायब होते, सर?’

‘सर नोको म्हनू बे, मी बारावी नापास हाव. अकरा दिवस. मामानं हिंगणघाटात येऊन कॉलर धरली म्हून, नाई तं बाराव्या दिवशी मी हैदराबादच्या ट्रकवर क्लीनर म्हून चाललो होतो. बोलनं झालतं माह्यं.’

पुन्हा हसणे. त्या हसण्यात कुत्सितपणा नव्हता. आपल्यातलाच एक जण आपली फजिती मोकळेपणाने सांगत असताना मुले हसतात तसे ते होते. पौर्णिमेचा हात दारापासून चार बोटांवर तसाच राहिला. पौषातले कोवळे ऊन व्हरांड्यात तिच्या पावलांवर पडले होते आणि रस्त्यावरून कापसाने तट्ट भरलेली एक गाडी सावकाश चालली होती. ऐकलेले शब्द तिला एकेक करून कळत होते, पण त्यांचा अर्थ जणू दुसऱ्या कोणा बाईच्या घरी जाऊन उभा राहिला होता. कोणाची ही गोष्ट, कोण हा पळून गेलेला मुलगा, असे तिच्या मनात क्षणभर खरोखरच आले. आणि मग ‘अकरा’ हा आकडा तेवढा तिच्याकडे परत आला.

नियम असा होता की मुलींच्या वर्गात पुरुषाने येऊ नये आणि मुलांच्या वर्गापाशी बाईने फिरकू नये. हा नियम प्रमिलाबाईंचा; त्यातून सूट फक्त त्यांना स्वतःला. त्यांनी बत्तीस वर्षे आरोग्य उपकेंद्रात परिचारिका म्हणून काढली होती, आणि निवृत्तीनंतर ही लहानशी संस्था उभी केली होती. कोवळ्या वयात आईबाप झालेल्यांनीच आपल्या बरोबरीच्या मुलामुलींना त्याचे खरे रूप सांगावे, मोठ्यांनी मध्ये उपदेश करू नये, असा त्यांचा आग्रह. एका खोलीतले बोलणे त्याच खोलीत राहील, हे प्रत्येक वेळी आरंभीच सर्वांकडून वदवून घेतले जाई. वर्षभरात पौर्णिमा आणि रत्नदीप बावीस गावे फिरले, एकाच मोटारसायकलवरून गेले आणि एकाच मोटारसायकलवरून परतले. पण रत्नदीप मुलांशी काय बोलतो हे तिने कधी ऐकले नव्हते. ऐकावे असे वाटलेही नव्हते. दोघांची गोष्ट एकच होती. ती दोन खोल्यांत सांगितली जात होती, एवढेच.

दोन वर्षांपूर्वी, असाच पौष होता. पौर्णिमेला सतरावे सरत आले होते, रत्नदीपला एकोणीस, आणि पोटातल्या जिवाला सातवा महिना. विहारात दोन्ही घरची मोजकी माणसे जमून, मान खाली घालून, लग्न लावून मोकळी झाली होती. तिच्या वडिलांनी त्या दिवसापासून तिच्याशी बोलणे सोडले होते. सेलूच्या त्या दोन खोल्यांत ती सासूच्या, कमलाबाईंच्या सोबतीने दिवस काढत होती. मैत्रिणी बारावीच्या सराव परीक्षांना गेल्या होत्या. एका सकाळी रत्नदीप म्हणाला, हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये काम लागले आहे, बाळंतपणाच्या आधी दोन पैसे हाती यावेत, तिकडेच राहीन. आणि तो गेला. त्यानंतरच्या अकरा संध्याकाळी पौर्णिमेला एखाद्या पाठ केलेल्या स्तोत्रासारख्या आठवत होत्या. दिवेलागणीला कमलाबाई मागच्या अंगणातून आत येत, फोन पदराला पुसत पुसत. ‘फोन आलता त्याचा.’ पौर्णिमा विचारी, ‘मले काऊन नाई देल्ला, आई?’ ‘सुपरवायझर आला म्हने, ठेवला त्यानं घाईघाईनं. विचारत होता, जेवली का ते. पाय सुजून राह्यले का.’ दुसऱ्या दिवशी म्हणे, रात्री कुशीवर झोप म्हून सांगितलं. तिसऱ्या दिवशी म्हणे, पिठलं आवडते तिले, करून देजो. आणि नवव्या का दहाव्या संध्याकाळी कमलाबाई चुलीपाशी बसता बसता, पाठमोऱ्याच म्हणाल्या होत्या, ‘म्हने, पोरगी झाली तं विशाखा नाव ठेवू.’

मुलगी झाली. विशाखाच नाव ठेवले. ते नाव आज घरभर दुडदुडत होते, आजीच्या पदराला धरून कोंबड्यांच्या मागे धावत होते. दाताने चावून नालीत टाकलेल्या सिमवरून ते नाव आले कसे, हा प्रश्न पौर्णिमेच्या मनात उभा राहिला, आणि तिला दिवेलागणीला पदराला पुसला जाणारा तो फोन आठवला. अकराव्या दिवशी रात्री रत्नदीप परतला तेव्हा त्याच्या केसांत, भुवयांवर, कानाच्या पाळीमागे कापसाचे तंतू होते. तिने ते एकेक वेचून काढले होते. जिनिंगच्या आसपासच्या वस्तीत राहणाऱ्या कोणाच्याही अंगावर ते बसतात, कामावर जाणाऱ्याच्या आणि कोणाच्या तरी खोलीत दिवसभर पालथे पडून राहणाऱ्याच्याही, हे तिला तेव्हा कोण सांगणार. तिने ते तळहातावर घेऊन पाहिले होते, आणि या माणसाने आपल्यासाठी अंग झिजवले असे तिला वाटले होते. मामा दारातच उभे होते. आत या म्हटले तरी आले नाहीत. भाच्याला मोटारसायकलवरून सोडायला आले, असे त्या वेळी सांगण्यात आले होते.

मुलींच्या खोलीत पौर्णिमा काहीही लपवत नसे. टाके कसे दुखतात, दूध साठून ताप कसा चढतो, रक्त कमी असले की उभे राहताना डोळ्यांपुढे काळे कसे येते, मैत्रिणी पहिल्या महिन्यात चार वेळा येतात आणि तिसऱ्या महिन्यात एकदाही नाही, परीक्षेच्या दिवशी आपण मोरीत दुपटी धूत असताना शेजारची मुलगी हॉलतिकीट घेऊन दारावरून कशी जाते, हे सारे ती संथपणे सांगे. ते सांगताना तिचा आवाज कापत नसे, कारण शेवटी काय सांगायचे ते तिला ठाऊक असे. आणि मग ती म्हणे, ‘एवढं सगळं झालं, पण एक सांगते. माह्या नशिबानं तो पळाला नाई. लांब कामाले गेला, पण रोज सांजच्याले फोन करून इचारे, जेवली का.’ हे वाक्य ती त्या मुलींना धीर यावा म्हणून बोलते अशी तिची समजूत होती. आज या दारापाशी तिला दिसले की बावीस गावांत, बावीस वेळा, ते वाक्य ती स्वतःलाच ऐकवत आली होती. बाकीची सारी दुःखे त्या एका वाक्याच्या आधाराने सांगण्याजोगी झाली होती.

आणि त्याच वेळी तिला आणखी एक गोष्ट दिसली. ती इतकी साधी होती की आजवर दिसली कशी नाही याचेच नवल. या खोलीतले या खोलीत राहील असे मुले म्हणत असली, तरी मुले ती. सुटीच्या घंटेनंतर त्याच रस्त्याने, त्याच सायकलींवरून, भाऊबहीण, शेजारीपाजारी घरी जात असणार. दोन खोल्यांतल्या दोन गोष्टी विहिरीपाशी नाहीतर पानठेल्यापाशी एकमेकींना भेटत असणार. त्या बावीस गावांतल्या साऱ्या मुलींना त्याच संध्याकाळी कळले असणार, की ती ताई ज्याच्याविषयी एवढ्या श्रद्धेने बोलत होती तो सिम चावून पळाला होता. त्यांनी काय केले असेल? हसल्या असतील, की कीव केली असेल? तिची गोष्ट जिल्हाभर सर्वांना ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती एका तिलाच.

‘पौर्णिमा? बेटा, तू इकडं?’ प्रमिलाबाई व्हरांड्यातून लगबगीने येत होत्या, ओठांवर चहाची ओल तशीच.

‘गाठोडं न्याले आलती. दोन्ही इकडंच आले.’

‘मी देते आणून. तू जा, पोरी वाट पाहत असतील.’

आतून रत्नदीपचा आवाज येतच होता. प्रमिलाबाईंनी दाराकडे पाहिले, मग पौर्णिमेच्या अजून खाली न आलेल्या हाताकडे पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची घाई ओसरली.

‘बाई, तुम्हाले माहीत होतं?’

काय, असे प्रमिलाबाईंनी विचारले नाही. तेवढ्याने पौर्णिमेला पुरे झाले असते. पण त्या बोलल्या. ‘प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सांगितलं त्यानं. रडला होता खूप. मी म्हटलं, हेच सांग पोरांना, यातच खरं शिक्षण आहे. मला वाटलं, घरी बोलला असेल तुझ्याशी.’

‘अन् मी पोरींले काय सांगत होती ते? तुम्ही तं माह्या खोलीत बसत होत्या, बाई. मागच्या बाकावर.’

‘हो.’

‘मंग?’

प्रमिलाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. असंख्य बाळंतिणींना ज्याने समजावले तो मऊ आवाज त्यांनी आताही सोडला नाही. ‘पोरींना धरायला काहीतरी लागतं, पौर्णिमा. तुझ्या त्या एका वाक्यासाठी त्या शेवटपर्यंत ऐकतात. पोरांना लाज वाटायला हवी, ती त्याच्या गोष्टीत आहे. दोन्हीकडं काम नीट चाललं होतं. मी म्हटलं, कशाला हात लावावा.’

‘काम,’ पौर्णिमा म्हणाली. तिला राग आला असावा, पण तो रागासारखा वाटत नव्हता. पायऱ्या उतरताना शेवटची पायरी आहे असे समजून पाऊल टाकावे आणि ती नसावी, तसे काहीतरी तिच्या साऱ्या शरीराला झाले होते. ती वळली आणि गाठोडे न घेताच मुलींकडे गेली.

प्रयोगशाळेत काचेच्या कपाटांपुढे, उंच टेबलांभोवती, चाळीस मुली दाटीवाटीने बसल्या होत्या. कोणाच्या वेणीला निळी फीत, कोणाच्या बोटाला शाई. पौर्णिमा फळ्यापाशी उभी राहिली. पुढे काय सांगायचे होते ते तिला आठवेना; विषय कुठवर आला होता तेही आठवेना. त्या मुली तिच्याहून दोन वर्षांनी लहान, काही तर एकाच वर्षाने, आणि तरीही नदीच्या पलीकडच्या काठावर बसल्यासारख्या तिला दूर दिसत होत्या. तेवढ्यात पहिल्या टेबलापाशी बसलेल्या मुलीने हात वर केला. आरंभी नावे सांगताना तिने आपले नाव सुरभी सांगितले होते, आणि नंतर ती एक अक्षरही बोलली नव्हती.

‘ताई, तुम्ही मघाशी म्हटलं, तुमचे मिस्टर पळाले नाई. ते आधी समजते का? म्हंजे कोन थांबन अन् कोन नाई, तोंडावरून वयखू येते का?’

‘सुरभे, तुले कोनाचं तोंड वयखाचं आहे वो?’ मागून एकीने टोमणा मारला, आणि चाळीसजणी खळखळून हसल्या. सुरभी हसली नाही. ती पेन दोन्ही हातांनी आडवे धरून बसली होती.

या प्रश्नाचे उत्तर पौर्णिमेजवळ तयार होते. ते असे की तोंडावरून कळत नाही, पण मन चांगले असले की माणूस थांबतो, माझा थांबला. हे उत्तर तिने यापूर्वी अनेकदा दिले होते आणि त्यावर मुलींचे चेहरे सैल पडलेले पाहिले होते. त्या सैल पडलेल्या चेहऱ्यांपैकी किती जणी त्या उत्तराच्या भरवशावर कोणाच्या तरी मागे गेल्या असतील, असा विचार तिला आजवर शिवला नव्हता. ते वाक्य आताही तिच्या जिभेवर येऊन थांबले. गोड, ओळखीचे, वर्षभर वापरून गुळगुळीत झालेले. ते उच्चारले तर काहीच बिघडणार नव्हते. संध्याकाळी ती मोटारसायकलवर मागे बसली असती, विशाखा दारात धावत आली असती, कमलाबाईंनी ताट वाढले असते. समोर सुरभी उत्तराची वाट पाहत होती.

‘नाई येत वयखू,’ पौर्णिमा म्हणाली. ‘मी मघाशी सांगितलं ते खोटं आहे. तो पळालता. अकरा दिवस. मामानं धरून आणला.’

मागच्या टेबलापाशी कोणीतरी खुसपुसले.

‘मघाशी काऊन नाई सांगितलं मंग?’ सुरभीने विचारले.

‘मघाशी मले माहीत नव्हतं. आता गाठोडं आनाले गेलती, तेव्हा ऐकलं. तो तिकडं पोरांले सांगून राह्यला.’

‘अन् ते फोन?’ टोमणा मारणाऱ्या मुलीने विचारले. तिचा आवाज आता निराळा होता.

‘फोन आलेच नाई. माह्यी सासू सांगे मले, आलता म्हून.’

‘सासू चांगली आहे बाप्पा तुमची,’ ती मुलगी म्हणाली, आणि आपण काय बोललो हे ध्यानात येऊन तिने जीभ चावली. पण पौर्णिमेला त्या बोलण्याचा राग आला नाही. चांगली आहे, हे खरेच होते. अकरा संध्याकाळी अंगणात जाऊन, बंद फोन कानाला लावून उभ्या राहिलेल्या त्या बाईने दुसऱ्याच्या तोंडची माया आपल्या मनाने रचून आणली होती. सातव्या महिन्यातल्या पोरीने जेवावे म्हणून. मग दोन वर्षे ती गप्प राहिली. मामा गप्प राहिले. प्रमिलाबाई मागच्या बाकावर बसून ऐकत राहिल्या. ज्याने त्याने तिच्या भल्यासाठी तिला तिच्याच आयुष्याच्या बाहेर बसवून ठेवले होते. आणि रत्नदीप? तो पळाला, हे तिला विलक्षण वाटत नव्हते. एकोणीस वर्षांचा मुलगा. त्या दिवसांत पाय असते तर तीही पळाली असती. पण तो प्रमिलाबाईंपाशी रडला. बावीस गावांतल्या अनोळखी मुलांना त्याने आपले काळीज उघडून दाखवले, त्यांना हसवले, त्यांच्यापाशी मोकळे होऊन घेतले, आणि प्रत्येक वेळी हलका होऊन तिच्यापाशी आला, किल्ली फिरवत म्हणाला, चाल, बस. तो सर्वांकडे परत आला होता. तिच्याकडे तेवढा आला नव्हता.

‘आता काय करान, ताई?’ सुरभीने विचारले.

‘आता जाऊन इचारते,’ पौर्णिमा म्हणाली. ‘तुम्ही बसा. सुरभी, तू जाऊ नको. मले तुह्याशी बोलाचं आहे.’

व्हरांड्यात प्रमिलाबाई सभागृहाच्या दाराशी उभ्या होत्या. ‘पौर्णिमा, नियम आहे आपला,’ त्या हळूच म्हणाल्या.

‘तुमचा आहे, बाई,’ असे म्हणून तिने दार लोटले.

सतरंजीवर बसलेली मुले एकदम सावरून बसली. रत्नदीप टेबलाला टेकून, पायांत अंतर ठेवून, हात हवेत धरून काही सांगत होता. तो हात तसाच राहिला आणि मग सावकाश खाली आला. पौर्णिमा मुलांच्या मधून चालत गेली आणि शेवटच्या ओळीत, भिंतीपाशी, मांडी घालून बसली. घरात ती त्याला नावाने हाक मारी; चारचौघांत कधीच नाही.

‘रत्नदीप,’ ती म्हणाली, ‘अकरा दिवसांचं सांग.’

‘घरी बोलू आपन,’ तो म्हणाला.

‘घरी दोन वर्षं झाले. इथं तुले बोलता येते. मले सांग.’

‘तू ऐकलं का?’

‘सिमचं ऐकलं. त्याच्या आधीचं नाई ऐकलं. निघाला तिथून सांग.’

मुले रत्नदीपकडे पाहत होती, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून स्पष्ट दिसत होते की हा भाग त्यांनीही ऐकलेला नाही. त्याची गोष्ट नेहमी हिंगणघाटच्या स्टँडवरच सुरू होत असावी. इतक्या गावांतून न अडखळता वाहिलेली ती वाणी या खोलीतल्या एका बाईपुढे आटून गेली होती. मग त्याने टेबलाचा आधार सोडला आणि तो खाली, मुलांच्या पातळीवर, सतरंजीवर बसला.

‘तुनं डबा भरून देल्लता,’ तो जमिनीकडे पाहत म्हणाला.

‘हो.’

‘मले तेव्हाच माहीत होतं, मी कामाले नाई चाललो. तरी म्या घेतला. वर्ध्याच्या स्टँडवर बाकाखाली ठेवला, अन् दुसऱ्या गाडीत बसलो.’

‘तू म्हटलं होतं, जिनिंगात चोरी गेला.’

‘हो.’

‘उघडला होता?’

‘नाई,’ रत्नदीप म्हणाला.

पौर्णिमेने भिंतीला पाठ टेकली. पहाटे उठून, पोट सांभाळत, तिने त्या डब्यात काय भरले होते ते तिला आठवत होते. पण ते तिने सांगितले नाही.

‘पुढं,’ ती म्हणाली.